बधिर हाताचं कोडं आणि कमलताई रणदिवे

कॅडेट मित्रांनो, या मराठी पानावर सेनानींची चरित्रं नेहमी येतात, आणि ती यायलाच हवीत. या वेळी संपादकांनी मला जागा दिली तेव्हा मी एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं नाव सुचवलं. माझी ओळख दोन वाक्यांत सांगतो. मी जबलपूरजवळ खमरियाला राहतो, तिथे जीवशास्त्र शिकवतो, आणि माझी मुलगी तुमच्यातच एक कॅडेट आहे. खमरिया म्हणजे आयुध निर्माणीचं गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली ही निर्माणी दारूगोळा बनवते, त्यामुळे भाजणं, चटका, ठिणगी हे शब्द इथल्या घरांत जरा जास्तच गंभीरपणे उच्चारले जातात. वर्गात वेदना हा धडा आला की मुलं विचारतात, की दुखतं कशाला? न दुखणारं शरीर किती छान! त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला दर वर्षी डॉ. कमल रणदिवे आठवतात. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग अशाच एका रोगाशी बांधलेला होता, ज्यात माणसाला दुखायचं बंद होतं.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलामुलींनी भरपूर शिकावं असं त्यांना वाटे, आणि कमलची हुशारी त्यांच्या लवकर लक्षात आली. शिक्षण हुजूरपागेत, मग फर्ग्युसनमध्ये, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन. वडिलांची इच्छा अशी की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. यातली एकही गोष्ट झाली नाही. (पालकहो, हे वाक्य मी जरा हळू आवाजात लिहितोय. आपल्यापैकी कितीजणांनी मुलाच्या खांद्यावरचे तारे आधीच मोजून ठेवले आहेत, ते मला ठाऊक आहे.)

मे १९३९ मध्ये त्यांचं लग्न गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी झालं. लग्न झालं म्हणून शिक्षण थांबलं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. केलं, विषय पेशींचा आणि गुणसूत्रांचा. अभ्यासाला घेतलं होतं सीताफळाचं कुळ. आज आपण त्यांना कर्करोगाच्या संशोधक म्हणून ओळखतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली डोळा बसला तो झाडांच्या पेशींवर. पेशी झाडाची असो की माणसाची, गुणसूत्रं मोजायला चिकाटी तेवढीच लागते.

पुढे नवरा-बायको मुंबईला आले. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतात विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. प्रबंध होता उंदरांवर. उंदरांच्या चार जाती घेतल्या. काहींत स्तनाचा कर्करोग सहज होतो, काहींत क्वचित. त्यांनी तपासली ती निरोगी उंदरांची स्तनग्रंथी, आणि चारही जातींत ती कशी वेगळी असते हे पाहिलं. रोग झाल्यावर सगळेच बघतात. या बाईंनी रोग व्हायच्या आधीची जमीन कशी असते ते पाहायचं ठरवलं, आणि मला तो त्यांच्या स्वभावाचा भाग वाटतो. अनुवंश, संप्रेरकं आणि आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा विषाणू या तिन्हींचा कर्करोगाशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी नंतर कित्येक वर्षं धरून ठेवला.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हे गाय म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या रुग्ण स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी बाटलीत अखंड वाढवून दाखवणारे गृहस्थ. त्या पेशी आजही जगभर वाढताहेत. त्या बाईंना मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या घरच्यांनाही कित्येक वर्षं काही माहीत नव्हतं. विज्ञानाच्या इतिहासातलं हे पान वाचताना दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

शरीराबाहेर पेशी जगवायच्या या विद्येला ऊतिसंवर्धन म्हणतात, बोलीभाषेत टिश्यू कल्चर. गंमत म्हणजे या विद्येची सुरुवातच मज्जातंतूंपासून झाली. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला मज्जारज्जूचा बारीकसा तुकडा लसिकेच्या थेंबात लटकवून ठेवला आणि त्यातून तंतू बाहेर वाढताना डोळ्यांनी पाहिला. तोवर वाद चालू होता की मज्जातंतू एकाच पेशीतून फुटून वाढतो, की अनेक पेशींची साखळी जुळून तयार होतो. एका थेंबाने तो वाद मिटवला.

मुंबईला परत आल्यावर कमलताईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि तिच्याबरोबर ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली या प्रकारची पहिली मानली जाते. हे केंद्र १९५२ साली खानोलकरांच्या पुढाकाराने सुरू झालं होतं. प्रयोगशाळा उभी केली असं एका ओळीत लिहून होतं, पण यात काय काय येतं ते सांगतो. पेशीला खायला साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि रक्तातला द्रव लागतो. तापमान अंगाइतकं, म्हणजे ३७ अंश. आम्लता जरा इकडेतिकडे झाली की पेशी मेल्या. आणि हवेतला एक जंतू बाटलीत शिरला तर दुसऱ्या दिवशी सगळा द्रव गढूळ. मुंबईच्या दमट हवेत बुरशी काय करते ते आपल्या लोणच्याच्या बरण्यांना विचारा. आज हे सगळं डब्यात बंद, विकत मिळतं. १९६० च्या सुमाराला कमलताई आणि त्यांचे जीवशास्त्र व रसायनशास्त्रातले सहकारी पेशींचं हे खाद्य आणि त्याला लागणारी द्रव्यं स्वतः तयार करत होते. रसद आल्याशिवाय मोहीम होत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आता त्या न दुखणाऱ्या रोगाकडे येतो.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी पाहिला. माणसाच्या रोगाशी जोडले गेलेले जे अगदी पहिले जंतू, त्यांतला हा एक. पण पाहणं वेगळं आणि वाढवणं वेगळं. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ साली प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि त्याचा हा भाऊबंद मात्र कशावरच वाढेना. जंतू हातात नाही म्हणजे औषध कशावर तपासायचं, लस कशाची करायची? शंभर वर्षं हेच रडगाणं. हा जंतू भारी सावकाश वाढतो. हगवणीचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला त्याच कामाला बारा-चौदा दिवस लागतात.

आणि त्याचं राहण्याचं ठिकाण विचित्र आहे. तो मज्जातंतूंत घुसतो. आपल्या बोटाला चटका बसला की तिथल्या तंतूच्या टोकातून विजेसारखा संदेश निघतो. त्या तंतूची मूळ पेशी बोटात नसते, ती असते पाठीच्या कण्याच्या बाजूला, मणक्यांच्या फटींत. तिथे अशा पेशींचे लहान लहान पुंजके असतात, मराठी पुस्तकांत त्यांना गुच्छिका म्हणतात. एकाच पेशीचा एक फाटा बोटापर्यंत जातो आणि दुसरा मज्जारज्जूत शिरतो. पायाच्या अंगठ्याला पोचणारा फाटा तर जवळजवळ मीटरभर लांब असतो. मज्जारज्जूत तो संदेश पुढच्या पेशीला दिला जातो, हात झटक्यात मागे येतो, आणि दुखलं हे मेंदूला त्यानंतर कळतं. पहारेकरी, संदेशवाहक, चौकी, मुख्यालय. तुम्हाला ही रचना लगेच समजेल. कुष्ठाचा जंतू या तंतूंभोवतीच्या आवरणपेशींत मुक्काम ठोकतो आणि पहारेकऱ्याचा आवाजच बंद करतो. मग तव्यावर हात टेकला तरी कळत नाही, चपलेतून खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. बोटं झडतात ती जंतूने कुरतडल्यामुळे, असा लोकांचा समज. खरं कारण बहुतेक वेळा न जाणवलेल्या जखमा. दुखतं कशाला, या माझ्या वर्गातल्या प्रश्नाचं हे उत्तर.

खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला होता. त्यांचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. जंतू आणि मज्जातंतू यांचं नातं किती आधीपासूनचं असतं, हे त्यांनी दाखवलं. कर्करोग केंद्रात कुष्ठरोगाचं काम कसं सुरू झालं, याचं उत्तर या गुरूत आहे.

कमलताई, डॉ. सी. व्ही. बापट आणि खानोलकर यांनी जो प्रयत्न केला तो या सगळ्यातून आला. कुष्ठाच्या रुग्णाच्या गाठीतला अर्क घेतला आणि तो मानवी गर्भाच्या मणक्यालगतच्या गुच्छिकांतल्या पेशींच्या संवर्धनात वाढवायचा प्रयत्न केला. कल्पना सरळ आहे. चोराला जे घर आवडतं तेच घर त्याला काचेच्या बाटलीत बांधून द्यायचं. १९५८ साली त्यांनी जाहीर केलं की कुष्ठरुग्णापासून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढला आहे. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं आयसीआरसी जंतू.

इथे जरा थांबतो, कारण वर्तमानपत्रांत आणि शाळेच्या भित्तिपत्रकांत याच जागी गडबड होते. कमलताईंनी कुष्ठरोगाचा जंतू वाढवला, कुष्ठरोगाची लस शोधली, अशी वाक्यं सर्रास छापतात. तसं झालेलं नाही. आयसीआरसी जंतू कुष्ठरुग्णाच्या शरीरातून आला हे खरं, पण पुढच्या तपासण्यांत तो प्रत्यक्ष कुष्ठाचा जंतू नसून त्याच घराण्यातला, पक्ष्यांच्या क्षयाच्या जंतूशी जवळचं नातं असलेला दुसरा जंतू असल्याचं दिसलं. म्हणजे ज्याला पकडायला सापळा लावला तो निसटला आणि त्याचा चुलतभाऊ हाती लागला. पण हा चुलतभाऊ कामाचा निघाला. त्याच्या अंगावरच्या काही खुणा कुष्ठाच्या जंतूशी जुळतात, त्यामुळे त्याला मारून टोचलं तर शरीर खऱ्या शत्रूलाही ओळखायला शिकतं. त्याच्यापासून लस करण्याचं काम पुढे डॉ. मा. ग. देव आणि डॉ. बापट यांनी केलं. गॅमा किरणांनी मारलेल्या जंतूंची ही लस १९७९ पासून रुग्णांवर आणि त्यांच्या घरच्यांवर तपासली जाऊ लागली. जंतू मिळाला १९५८ साली, लस टोचायला सुरुवात १९७९ साली. मधली एकवीस वर्षं मोजा.

बरं, अशा पेशी वाढवतात तरी कशा? कमलताईंच्या वेळची बारीकसारीक कृती मी इथे लिहीत नाही. आज वेदनेच्या संशोधनासाठी उंदराच्या मोठ्या भावंडाच्या, म्हणजे पांढऱ्या प्रयोगशाळेतल्या घुशीच्या, मज्जारज्जूतल्या पेशी वाढवतात, ती रीत सांगतो. पोटात चौदा-पंधरा दिवसांची पिल्लं असताना त्यांच्यातला मज्जारज्जू काढतात. तो आगपेटीच्या काडीहून बारीक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने त्याच्यावरचं पातळ आवरण सोलून काढतात. मग त्याला पाचक द्रवात काही मिनिटं ठेवतात, म्हणजे पेशींना पेशींशी चिकटवणारी खळ सुटते. त्यानंतर काचेच्या बारीक नळीतून हळुवार वरखाली ओढतात. नळीचं टोक आधी ज्योतीवर धरून गुळगुळीत केलेलं असतं, कारण धारदार कडेने पेशी फाटतात. हाताचं कसब इथे लागतं. जोर केला तर सगळं मेलं, कमी पडला तर गोळे राहिले. सुट्या झालेल्या पेशी विशिष्ट लेप दिलेल्या काचेवर पेरतात आणि ३७ अंशांच्या कपाटात ठेवतात, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गोल पेशींना शेपट्या फुटलेल्या असतात. आठवडाभरात जाळं तयार होतं, दोनेक आठवड्यांत पेशी एकमेकींना संदेश देऊ लागतात. मज्जापेशी विभागून वाढत नाहीत. लॅक्स बाईंच्या पेशी बाटलीत दुप्पट-चौपट होत जातात, तशा या होत नाहीत. जेवढ्या पेरल्या तेवढ्याच, त्याही हळूहळू कमी होणाऱ्या. उलट त्यांच्या सोबतीच्या आधारपेशी तणासारख्या माजतात, त्यांना औषधाने आवरावं लागतं. म्हणून प्रत्येक प्रयोगाला नवी सुरुवात, आणि प्रत्येक सुरुवातीला एका जिवाची किंमत. आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे आणि प्रत्येक संस्थेत प्राणी-प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते. एक प्राणी कमी वापरून काम होत असेल तर कमीच वापरायचा, हा तिथला नियम. माझ्या मते बशीतल्या पेशींचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. एका पिल्लाच्या पेशींवर पन्नास बशा तयार होतात, आणि जो प्रयोग पन्नास जिवंत प्राण्यांना दुखवून करावा लागला असता तो काचेवर होतो. बशीतल्या पेशीला दुखत नाही. तिच्यात संदेश उमटतो, पण दुखणं जाणवायला मेंदू लागतो.

या विद्येने काय हाती आलं ते मिरचीच्या उदाहरणाने सांगतो. मिरची तोंडात आग का लावते? गुच्छिकेतल्या वेदनेच्या पेशींवर मिरचीतला तिखट अर्क टाकला की त्या पेटून उठतात, हे ठाऊक होतं. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने अशाच पेशींतल्या जनुकांतून त्या तिखटाला उघडणारं दार शोधून काढलं, १९९७ साली. आणि दिसलं असं की तेच दार ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. म्हणजे शरीराच्या दृष्टीने मिरची आणि चटका एकाच दरवाजाने आत येतात. वर्गात हे सांगितलं की खमरियाची मुलं हसतात, कारण डब्यात ठेचा असतोच. ज्युलियस यांना २०२१ च्या ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, गूगलने आपल्या पहिल्या पानावर कमलताईंचं चित्र लावलं, १०४ व्या जन्मदिवसाचं. योगायोग एवढाच, पण मला आवडलेला.

सैनिकांसाठी हा विषय परका नाही. हात किंवा पाय कापल्यावरही त्या नसलेल्या पावलात कळ येते, हे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार करताना विअर मिचेल या डॉक्टरने नोंदवून ठेवलं. आपल्या पुण्यात १९४४ पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तुटलेला तंतू चुकीचे संदेश का पाठवतो आणि मज्जारज्जूतल्या पेशी ते खरे का मानतात, हे शोधण्यासाठीच आज जगभर या बशा भरल्या जातात.

कमलताईंच्या आयुष्यातली पुढची वर्षं जरा भराभर सांगतो. १९६४ साली त्यांना वैद्यक संशोधनाचा रौप्यमहोत्सवी पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी कर्करोग संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिलं. याच सुमाराला केंद्र आणि रुग्णालय एक होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्यांनी कर्करोग कसा उद्भवतो, पेशीशास्त्र आणि प्रतिकारशक्ती असे नवे विभाग सुरू केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आज त्या संशोधन शाखेचं मोठं आवार खारघरला आहे.

संचालकपदाहून मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्थापन केलेली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना. नुसत्या सभा आणि ठराव करणारी संस्था काढणं सोपं होतं. या बायकांनी वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. मूल कुठे ठेवायचं, या प्रश्नावर किती प्रयोग अर्धे राहतात हे त्यांना ठाऊक असणार. कमलताई स्वतः एका मुलाची आई होत्या. माझी मुलगी आज गणवेशात उभी आहे, ती मुलींना लष्करी शाळांचे दरवाजे उघडल्यावर. त्याच्या पन्नास वर्षं आधी पाळणाघराचा विचार करणारी वैज्ञानिक बाई मला म्हणूनच फार पुढची वाटते.

दुसरी गोष्ट उतारवयातली. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. मुलांना काय खायला मिळतं, रक्त किती आहे, जन्मलेल्या बाळांची अवस्था काय आहे. वातानुकूलित खोलीतल्या बाटल्यांकडून डोंगरातल्या पाड्यांकडे. काहींना हे वळण वेगळं वाटतं. मला नाही वाटत. निरोगी उंदराची ग्रंथी तपासणारी मुलगी आणि आजारी पडण्याआधीचं मूल तपासणारी आजी एकच आहेत. आपल्या जबलपूरला आदिवासींच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, तिथले लोक महाकोशलातल्या गावांत जाऊन असंच काम करतात. कधी सहल काढायची झाली तर धबधब्याबरोबर तीही जागा पाहा.

लसीचं पुढे काय झालं, ते राहिलं. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९९१ पासून मोठी चाचणी झाली, चार लसींची एकमेकींशी तुलना. पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसांनी भाग घेतला. कुणाला काय टोचलंय हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हतं. निकाल १९९८ साली छापून आला. आयसीआरसी लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिलं, चारही लसींत सर्वाधिक. नुसत्या बीसीजीने ३४ टक्क्यांच्या आसपास. पण तोवर तीन औषधांचा एकत्र उपचार सगळीकडे पोचला होता, रुग्ण झपाट्याने कमी होत होते, आणि लसीची घाई कुणाला उरली नव्हती. ती लस घरोघरी गेली नाही. २००५ च्या शेवटी देशाने कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची मोठी समस्या राहिली नाही असं जाहीर केलं. तरीही जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतातले असतात.

तो निकाल आला तेव्हा कमलताईंनी ऐंशी पार केली होती. २००१ साली त्या गेल्या. कुष्ठाचा खरा जंतू आजही कुणाला बशीत वाढवता आलेला नाही. तो हवा असेल तर उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलो नावाच्या अमेरिकन खवल्या प्राण्याच्या अंगातच वाढवावा लागतो.